परत येण्याचा पुरावा

बर्फ बघायचा हट्ट माझ्या धाकट्या बहिणीचा. ती निपाणीला शाळेत शिक्षिका होती, गेल्याच्या गेल्या वर्षी निवृत्त झाली. एका रविवारी बेळगावला आमच्याकडे आली आणि चहा घेता घेता म्हणाली, "अक्का, आपण दोघीच स्वित्झर्लंडला जाऊ या. पाय चालतात तोवर."

मला हसूच आलं. अठ्ठावन्न वर्षांत मी लांब गेले ती श्रवणबेळगोळला, कुंभोजला आणि एकदा सम्मेदशिखरजीला. यात्रा नाही, लग्नकार्य नाही, नुसतं बघायला म्हणून घरातून निघायचं, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

पण खर्चाची मला काळजी नव्हती. अठरा वर्षं मी घरी भाजणी, मेतकूट आणि कांदा-लसूण न घालता केलेल्या चटण्या विकते. पेठेतल्या ओळखीच्या घरांत माल जातो, पैसे रोख येतात. घरखर्चाला लागले ते लागले, उरलेले पत्र्याच्या डब्यात. त्या डब्यात 2 लाख 60 हजार रुपये साठले होते. नवऱ्याकडे एक रुपया न मागता मी परदेशी जाणार, या विचारानं दोन रात्री झोप लागली नाही.

चातुर्मास लागायच्या आत परत यायचं म्हणून मे महिना ठरवला. सहा रात्री स्वित्झर्लंड, तीन रात्री इटली. जिथे जास्त दिवस राहायचं त्या देशाकडे अर्ज करायचा आणि त्या एका व्हिसावर दोन्ही देश बघायचे, एवढं बहिणीनं आधीच वाचून ठेवलं होतं. मग व्हिसाची कामं करणाऱ्या एका मुलाकडे गेलो. त्यानं यादीच हातात दिली. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. 30 हजार युरोचा आजारपणाचा विमा. राहण्याच्या जागांची नोंदणी. फी 90 युरो. बँकेचा उतारा, प्राप्तिकराची विवरणपत्रं.

बहिणीची फाइल दोन दिवसांत झाली. पेन्शनचा आदेश, बँकेचा उतारा, स्वतःच्या नावावरचं छोटं घर. पातळशी फाइल, पण त्यातला प्रत्येक कागद तिचा.

माझी फाइल चांगली जाड झाली. ह्यांच्या दुकानाचा परवाना, ह्यांची विवरणपत्रं, ह्यांच्या नावावरचा घराचा उतारा, मुलाच्या नावावरच्या शेताचा उतारा. मी डब्यातल्या पैशांचं सांगितलं तर तो मुलगा म्हणाला, "काकू, रोख पैसे धरत नाहीत. आणि आत्ता एकदम बँकेत भरू नका. अर्जाच्या तोंडावर एवढी रक्कम आली की ती कुठून आली म्हणून शंका घेतात." अठरा वर्षांची कमाई, आणि ती दाखवली तर संशय.

अर्जात विचारतात, खर्च कोण करणार, अर्जदार स्वतः की दुसरं कुणी? "दुसरं कुणी" यावर खूण झाली. व्यवसायापुढे त्यानं गृहिणी लिहिलं. ह्यांनी पत्रावर सही केली की माझ्या पत्नीचा सगळा प्रवासखर्च मी करणार आहे. ह्यांनी सही आनंदानं केली, वर म्हणाले, "अगं, आणखी लागले तर सांग." त्यांचं काहीच चुकलं नाही. पण ते पत्र खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

शेवटी राहिलं एक पत्र. मी मुदतीत भारतात परत येणार, हे पटवून द्यायचं. मी वहीत मराठीतच लिहून काढलं. सासूबाई 86 वर्षांच्या आहेत, त्यांना माझ्या हातचंच पथ्य चालतं. भाद्रपदात दशलक्षण पर्व येतं, तेव्हा बस्तीतल्या बायकांचं एकभुक्तीचं जेवण मी बघते. उन्हाळ्यात घातलेले पापड पावसाच्या आत भरून ठेवायचे आहेत. मुलानं वाचलं आणि वही हळूच मिटली. "काकू, हे सगळं खरं आहे. पण याला कागद नाही."

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली. दहाएक वर्षांपूर्वी मी आर्यिका माताजींपुढे परिग्रह-परिमाण व्रत घेतलं होतं. क्षेत्र, वास्तू, सोनं, धन, धान्य, प्रत्येकाची मर्यादा मोठ्यानं बोलायची होती. एवढं शेत, एवढं घर, यापुढे नको. मी अगदी मनापासून बोलले होते. आता ती व्हिसाची फाइल मांडीवर घेऊन बसले आणि विचार आला, कुणाच्या शेताची मर्यादा घातली मी? जे माझं नव्हतंच, त्याला मी काय आवर घातला? त्याग करायलासुद्धा आधी काहीतरी आपलं असावं लागतं. व्रत मी आजही पाळते, पण त्या रात्रीनंतर त्याचा अर्थ मला वेगळा लागला.

सकाळी ह्यांना म्हटलं, "घराच्या उताऱ्यावर माझं नाव लावायचं का?"

"सगळं तुझंच तर आहे," ते म्हणाले.

"मग कागदावर का नाही?"

ते पेपर वाचत राहिले. रागावले नाहीत. उत्तरही दिलं नाही.

ठशांसाठी रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूरला गेलो. तिथे दहाही बोटांचे ठसे घेतात. बहिणीचे लगेच उमटले. माझे उमटेनात. तिथली मुलगी चांगली होती, म्हणाली, बोटं पुसा, पुन्हा दाबा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. भाजणी भाजून, भांडी घासून रेषाच झिजल्यात. पाचव्यांदा यंत्रानं घेतले. बहीण बाहेर आल्यावर माझा हात हातात धरून बसली, बोलली काही नाही.

व्हिसा बाराव्या दिवशी आला.

आता तयारी. दुधाचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेता येत नाहीत, म्हणून तुपातल्या वड्या राहिल्या. तेलातल्या दशम्या, भाजणी, मेतकूट घेतलं. तिकडच्या बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, म्हणून चीज नाहीच. सासूबाईंनी पाणी गाळायचं फडकं स्वतः धुऊन, घडी घालून दिलं. "आणि अंधारायच्या आत जेवा गं," म्हणाल्या. मेअखेरीस तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, हे सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. माझ्या आयुष्यात रात्रिभोजनाचा नियम इतका सोपा कधी गेला नव्हता. साडेआठला लख्ख उन्हात आम्ही दोघी बाकावर बसून दशम्या खायचो.

युंगफ्राउयोखला गाडीनं वर गेलो, 3,454 मीटरवर. डोंगर पोखरून केलेला तो रेल्वेमार्ग 1912 साली पुरा झाला. वर बहीण लहान पोरीसारखी बर्फात धावली. मी मूठभर बर्फ उचलला. झिजलेल्या बोटांना आधी काहीच कळलं नाही, मग एकदम झोंबला. हा बर्फ माझ्या भाजणीचा, असं मी मोठ्यानं म्हटलं. आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नव्हतं.

परत आल्यावर मी बँकेत माझ्या एकटीच्या नावानं खातं उघडलं. भाजणीच्या कामाची एफएसएसएआय नोंदणी केली. गिऱ्हाइकांना सांगितलं, आता पैसे खात्यावर टाका. पॅनकार्ड कपाटात होतंच, या जुलैत पहिलं विवरणपत्र भरलं. मैत्रिणींनो, तुम्हाला कुठे जायचं असो वा नसो, एवढं करून ठेवा. वेळ आल्यावर होत नाही, महिने लागतात.

उताऱ्याचं काम मात्र अजून झालेलं नाही. परवा ह्यांनी आपणहून विचारलं, त्या कामाला कुठली कागदपत्रं लागतात? मी यादी काढून त्यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवली आहे.