चिकटवही

परवा आईचा फोन होता. "रोज रात्री कॉम्प्युटरवर काय करत बसतेस गं एवढं?" म्हटलं, "कागद कापते आणि चिकटवते." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "पीएच.डी. झाल्यावरसुद्धा?"

आता फोनवर काय सांगणार! म्हणून इथे सविस्तर.

शाळेतली चिकटवही आठवतेय ना? पेपरातली क्रिकेटपटूंची चित्रं, घरी शिजवलेली खळ आणि फुगून टम्म झालेली पानं. अमेरिकेत तिला स्क्रॅपबुक म्हणतात. मी राहते त्या युटा राज्यात तर हा छंद म्हणजे जवळजवळ कुळाचारच. इथल्या मॉर्मन समाजात घराण्याचा इतिहास जपण्याला धार्मिक महत्त्व आहे. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत वंशावळींच्या नोंदींवर एक जागतिक परिषद भरली होती. तिथे युटातल्याच मॅरिएलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले आणि आजच्या स्क्रॅपबुकिंगची लाट तिथून उठली, असं मानतात.

आमच्या शेजारच्या आजींच्या तळघरात असे अल्बम भिंतभर आहेत. त्यांचा हातखंडा म्हणजे 'पेपर पीसिंग'. नक्षीच्या कागदांचे तुकडे कापायचे आणि एकमेकांवर चढवून चित्र करायचं. घराची भिंत एका कागदाची, छप्पर दुसऱ्या, दार तिसऱ्या. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवतात, तोच प्रकार. त्यांनी मला शिकवलं. माझं बदक बटाट्यासारखं झालं. इंजिनियर माणूस कात्रीपुढे हरला की काय करतो? फोटोशॉप उघडतो!

आणि त्यात लाजायचं काय? अडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक युटा विद्यापीठाचेच, १९६९ चे पीएच.डी. प्रत्येक पिक्सेल किती पारदर्शक हे सांगणारा 'अल्फा' ज्या दोघांनी आणला, त्यांतले एड कॅटमुल हेही इथलेच, १९७४ चे. म्हणजे कागदी चिकटवही आणि डिजिटल चिकटवही, दोघींचं माहेर एकच.

माझ्याकडे विषयही तयार होता. डिसेंबर २०२० मध्ये धाकट्या भावाचं लग्न झालं, सांगलीला, मोजक्या पन्नास माणसांत. कोविड आणि व्हिसा, दोन्हींच्या कचाट्यात मी अडकले. मुहूर्त सकाळी ११ वाजून ४७ मिनिटांचा. माझ्याकडे आदल्या रात्रीचे ११ वाजून १७ मिनिटं झाली होती. अक्षता मी लॅपटॉपवर टाकल्या. काही दाणे अजून कीबोर्डात असावेत.

त्या लग्नाचं पान करायचं ठरवलं. पान १२ इंच बाय १२ इंच, दर इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे ३६०० गुणिले ३६००. कोपऱ्यात कलश. त्याचे नऊ तुकडे: पोट, गळा, आंब्याची पाच पानं, नारळ आणि शेंडी. प्रत्येक तुकडा वेगळ्या लेयरवर. आधी साधा आकार काढायचा, मग त्यावर नक्षीचा 'कागद' पसरून क्लिपिंग मास्क लावायचा. कागद आकाराबाहेर दिसेनासा होतो. कलशाला लग्नपत्रिका स्कॅन करून वापरली, पानांना आईच्या हिरव्या शालूचा फोटो. प्रत्येक तुकडा शेजारच्याखाली थोडा सरकवायचा, नाहीतर फट दिसते.

खरी जादू सावलीत. सावली नसेल तर चित्र सपाट, स्टिकरसारखं. पण कागद पातळ असतो, तेव्हा सावली चार-पाच पिक्सेलच सरकवायची. छापल्यावर ती अर्धा मिलिमीटरही होत नाही. रंग काळाकुट्ट नको, गडद तपकिरी. आणि सगळ्या तुकड्यांवर उजेड एकाच बाजूने हवा. शेवटी पीएनजी म्हणून सेव्ह करायचं, कारण जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही.

इथवर ठीक होतं. मग हात शिवशिवायला लागले. लग्नातला घरच्यांचा ग्रुप फोटो होता. आईशेजारी थोडी जागा मोकळी होती. म्हटलं, तिथे आपणच का नको?

२०१९ च्या दिवाळीतला माझा साडीतला फोटो कापला. त्यांच्यावर उजेड डावीकडून, माझ्यावर उजवीकडून. सोपं आहे, आडवा उलटवला. तर पदर उजव्या खांद्यावर! आईने एका सेकंदात पकडलं असतं. पुन्हा सुलटा केला आणि तीन रात्री उजेड-सावली हाताने रंगवली. चौथ्या रात्री मी त्या लग्नात होते. फोटो घरी पाठवला. भाऊ म्हणाला, "ताई, कसलं भारी!" आई रडली. मी खूश.

आठवड्याने आजीशी व्हिडिओ कॉल झाला. हल्ली ती बरंच विसरते. भावाने तो फोटो छापून तिच्या खोलीत लावला होता. त्याकडे बोट करून ती म्हणाली, "एवढी लग्नाला आलीस, आणि मला न भेटताच गेलीस होय गं?"

मी समजावलं, आजी, मी आले नव्हते, ते खोटं आहे. ती म्हणाली, "मग ही कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही.

शेजारच्या आजींना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, की पानावर कुणी नव्हतं तर तेही लिहायचं असतं. त्यांच्या अल्बममध्ये तसं लिहिलेलं आहे. मुलगा सैन्यात होता त्या वर्षीच्या नाताळच्या पानावर.

भावाला तो फोटो काढायला लावला. नवं पान केलं. मूळ ग्रुप फोटो, मोकळ्या जागेसकट. कोपऱ्यात कलश. खाली माझ्या अक्षरातली ओळ स्कॅन करून: "मी त्या वेळी सॉल्ट लेक सिटीत जागी होते. आजीला भेटायचं राहिलं आहे."

भावाने ते छापून आजीला दिलं. कॉलवर बघते तर ती कलशावरून बोटं फिरवतेय. एकदा, दोनदा, नखाने कड उचलायचा प्रयत्न.

"चिकटवलाय म्हणे," ती आईला म्हणाली, "पण हाताला कसा लागत नाही गं?"

सावली जमली होती म्हणायची!