मागच्या माणसाच्या चालीनं

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही गावचे नऊ जण केदारनाथाच्या यात्रेला जाऊन आलो. तेव्हापासून पुष्कळ मंडळी विचारतात, "साहेब, देऊळ कसं आहे हो वरचं?" मी सांगतो, ते आमच्या बापूंना विचारा. मी केदारनाथाला पोचलोच नाही. तरी माझी यात्रा झाली आणि चांगली झाली. ती कशी, ते सांगतो.

मी शेती खात्यातला माणूस. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावांत बांधबंदिस्ती, माती परीक्षण, बीजप्रक्रिया हे सांगत फिरण्यात माझी नोकरी गेली. यात्रेचा विषय निघाला तो मारुतीच्या पारावर. शाळूची मळणी उरकली होती, कडबा रचून झाला होता, आणि मृग निघायच्या आत परतता येईल एवढी सवड होती. पन्नास-साठ माणसांच्या मोठ्या बसने जावं असं काहींचं म्हणणं होतं. तात्या म्हणाले, "मोठ्या कळपात लंगडं मेंढरू मागं राहिलं तरी कुणाला कळत नाही. थोडेच जाऊ." म्हणून नऊच जण ठरले, सहा पुरुष आणि तीन बायका.

निघण्याआधी पारावरच दोन गोष्टी ठरवल्या. चालायचं ते सगळ्यांत मागच्या माणसाच्या चालीनं. आणि कुणाला थांबावं लागलं, तर त्याच्यासोबत एकानं थांबायचं. कोण थांबणार, तर पाण्याची पाळी लावतो तशी पाळी लावायची. पहिली पाळी माझी आली.

हरिद्वारपर्यंत आगगाडी, तिथून भाड्याची लहान गाडी. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात आणि तिथून पुढे नदीला गंगा म्हणतात. रुद्रप्रयागला अलकनंदा सोडून आम्ही मंदाकिनीच्या खोऱ्यात वळलो आणि गुप्तकाशीला मुक्काम केला. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच. केदारनाथाचं देऊळ त्याच्या दुपटीहून उंच, सुमारे ३,५८० मीटरवर आहे. तिथं हवा इतकी विरळ, की खालच्या एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो त्याच्या दोन तृतीयांशच मिळतो. म्हणून वर जाण्याआधी तब्येत तपासून घ्यायची.

त्या तपासणीत आमच्या आक्का अडकल्या.

आक्कांचं वय सदुसष्ट. मालक जाऊन सहा वर्षं झालेली. केदार बघायचा ही इच्छा मालकांची. ती आपण पुरी करायची म्हणून आक्कांनी तीन वर्षं शेळ्यांची करडं विकून पैसे साठवले होते. जन्मभर चुलीच्या धुरात बसून छाती कमजोर झालेली. डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं, रक्तदाब बघितला आणि सांगितलं, "माताजींना वर नेऊ नका."

बापू आक्कांचा पुतण्या. तो म्हणाला, "चालवत नाही त्यांना. घोड्यावर बसवतो." डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं, "घोड्यानं पाय वाचतील. हवा कुठून आणाल?"

आक्का पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "देवाच्या दारात मरण आलं तर सोनं झालं म्हणायचं." कुणाला काय बोलावं सुचेना. तीन वर्षांची करडं, मालकांची इच्छा आणि एवढ्या लांबचा प्रवास. त्यापुढे डॉक्टरांचा एक शब्द ठेवायचा, म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. शेवटी तात्या बोलले, "आक्का, तुमचं सोनं होईल. पण तुम्हाला वर ठेवून आम्ही गावात कुठल्या तोंडानं जायचं?" आक्का बराच वेळ गप्प होत्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "जावा तुम्ही. माझ्यापायी कुणाचं दर्शन चुकायला नको. सायेब, तुमची पाळी हाय न्हवं?"

सात जण सोनप्रयागकडे गेले. मी आणि आक्का मंदाकिनीपलीकडे समोरच्या डोंगरावर ऊखीमठला जाऊन राहिलो.

ऊखीमठला ओंकारेश्वराचं जुनं देऊळ आहे. केदारनाथाचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात. वर बर्फ साचतो, मग देवाची डोली वाजतगाजत खाली ऊखीमठला येते आणि सहा महिने पूजा इथेच चालते. दरवाजे पुन्हा कधी उघडायचे, तो दिवसही महाशिवरात्रीला इथेच जाहीर होतो. तिथल्या एका पुजाऱ्यांनी हे सगळं सांगितलं आणि मी ते आक्कांना मराठीत समजावलं. आक्का कान देऊन ऐकत होत्या. मग एकदम हसल्या. "म्हंजी थंडी सोसंना की देवबी खाली येतोय? मग मी खाली ऱ्हायले, त्यात लाज कसली?" गुप्तकाशी सोडल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. त्या दिवशी रात्री पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शेतं बघत हिंडू लागलो. खात्याच्या माणसाची नजर दुसरीकडे जाणार कशी? डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखी वावरं. प्रत्येकाला दगडाची ताल. काही वावरं इतकी अरुंद, की बैल वळवायलाही जागा बेताची. गव्हाची काढणी उरकत आली होती आणि मंडुव्यासाठी जमिनी तयार होत होत्या. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. झंगोरा आपल्या साव्याच्या जातीचा. गहत म्हणजे चक्क आपला हुलगा! एका बाईच्या ओसरीवर सुपात गहत बघून आक्कांनी मूठभर उचलला आणि म्हणाल्या, "हुलगा!" ती बाई म्हणाली, "गहत!" आक्कांना हिंदी येत नव्हतं आणि त्या बाईला मराठी. तरी दोघी तासभर बोलत बसल्या.

या भागात मंडुव्यात राजगिरा, राजमा, उडीद, गहत अशी धान्यं मिसळून पेरायची जुनी रीत आहे. तिला बारानाजा म्हणतात, म्हणजे बारा अनाजं. पाऊस लांबला किंवा रोग पडला तर एखादं पीक जातं, पण घर उपाशी राहत नाही. कडधान्यामुळे जमिनीला नत्र मिळतं ते वेगळंच. बांज नावाच्या झाडाचा पाला गोठ्यात अंथरतात, तो शेणामुतात कुजवतात आणि तेच खत वावरात जातं. बांजाच्या रानात झरे टिकून राहतात, म्हणून बायका त्या झाडाला जपतात.

कष्ट मात्र बघवत नाहीत. नांगर तेवढा पुरुषाच्या हातात, बाकी पेरणी, खुरपणी, काढणी, गवताचे भारे सारं बायकांच्या डोक्यावर. रानडुकरं आणि माकडं पीक ठेवत नाहीत. तरुण पोरं नोकरीसाठी खाली शहरांत जातात. २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडात हजारावर गावं निर्जन नोंदली गेली. कुलूप लावलेली घरं आणि पडीक पायऱ्या आम्हीही बघितल्या. ढासळलेल्या एका तालीपाशी आक्का थांबल्या. म्हणाल्या, "ही रचायला किती पिढ्या गेल्या असतील, सायेब!" एका पावसाळ्यात ताल फुटली तर वरची माती खालच्या वावरात जाते आणि खालची नदीत. आपल्याकडे बांध फुटल्यावर हेच होतं.

चौथ्या दिवशी मंडळी दर्शन करून परत आली. गौरीकुंडाहून देवळापर्यंत आता सुमारे १६ किलोमीटर चालावं लागतं, पूर्वी १४ होते. १६ आणि १७ जून २०१३ च्या अतिवृष्टीत वरचा चोराबारी तलाव फुटला आणि वाटेवरचा रामबाडाचा मुक्काम वाहून गेला, म्हणून पुढे दुसऱ्या अंगानं वाट काढावी लागली. त्या लोंढ्याबरोबर आलेली एक प्रचंड शिळा देवळामागे अडली, पाणी दोन बाजूंना फुटलं आणि देऊळ राहिलं. तिला भीमशिला म्हणतात. तात्यांनी तिला हात लावून नमस्कार केला. बापूनं आक्कांसाठी वरचा प्रसाद आणला होता. तो देताना त्याला बोलवेना. आक्काच म्हणाल्या, "बस, आधी चहा घे."

पुढे चोपत्याहून तुंगनाथ केला. पंचकेदारांत हे देऊळ सगळ्यांत उंचावर, सुमारे ३,६८० मीटर. चढ चार किलोमीटरचा आणि वाट फरसबंद. या वेळी आक्कांसोबत ऊखीमठला थांबायची पाळी नानींची होती, म्हणून मी वर गेलो. पन्नास पावलं चालायचं आणि उभं राहायचं. तात्या सर्वांत हळू, म्हणून तेच पुढे. कुणी घाई केली नाही, म्हणून कुणाचं डोकंही दुखलं नाही. चोपत्याचा रस्ता पुढे मंडल गावावरून गोपेश्वरला जातो. १९७३ साली शेतीच्या अवजारांसाठी गावकऱ्यांनी मागितलेली अंगूची झाडं नाकारली गेली आणि खेळाचं साहित्य करणाऱ्या कंपनीला ती द्यायचं ठरलं, तेव्हा याच मंडलच्या रानात लोक झाडं वाचवायला उभे राहिले. चिपको आंदोलनाची सुरुवात ती. नांगराला आणि जुवाला लाकूड मिळावं म्हणून डोंगरातला शेतकरी उठला होता, हे ऐकून तात्या कितीतरी वेळ त्या रानाकडे बघत होते.

ज्यांना जायचं आहे त्यांना चार गोष्टी सांगतो. सरकारी नोंदणी आधी करा. महिनाभर आधी तालुक्याच्या दवाखान्यात तपासून घ्या, आणि दमा, रक्तदाब, साखर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. वर चढण्याआधी मध्ये मुक्काम करा. डोकं दुखणं, मळमळ, बसल्या जागी धाप लागणं, असं काही झालं तर पुढे रेटू नका, ताबडतोब खाली उतरा. आणि कोण कुणासोबत थांबणार, ते घरून निघतानाच ठरवा. डोंगरावर ते ठरवणं फार जड जातं.

मृगाच्या आधी आम्ही घरी आलो. आक्कांनी मावंदं घातलं. पुरणपोळीच्या पंगतीत शेजारणीनं विचारलंच, "आक्का, बघितला का गं केदार?"

आक्का वाढता वाढता म्हणाल्या, "त्याच्या घरी चार दिवस राहून आले. तो वर गेला होता."