अब्बांची रातराणी

१९९९ च्या डिसेंबरात रमजान होता. त्याच महिन्यात अब्बा दापोलीकडच्या आमच्या गावाहून रातराणीची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले आणि प्रभादेवीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात लावली. आम्ही तिन्ही भावंडे तेव्हा शाळेत होतो. फांद्या लावायच्या त्या पावसाळ्यात, ही काही जगायची नाही, असे अम्मी म्हणाली. फांदी जगली. पुढच्या रमजानला फुललीही. सेहरीला डोळे उघडायच्या आधी तो वास यायचा, मग अम्मीची हाक.

अब्बा आम्हाला हिशेब सांगायचे. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. "थंडीतला रमजान पुन्हा येईल तेव्हा तुम्ही पोराबाळांचे झालेले असाल. झाड तेवढं सांभाळा." २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरात एक असे दोन रमजान येणार आहेत. अब्बा मात्र २०१४ मध्येच अल्लाहला प्यारे झाले.

रातराणी सांभाळायला अवघड नाही. बारमाही हिरवी असते, वर्षातून अनेकदा बहरते, आणि आमच्याकडे एक बहर हमखास डिसेंबर-जानेवारीत येतो. मोठी कुंडी, तीन-चार तास ऊन, थंडीत बेताचे पाणी, बहर ओसरला की छाटणी. पावसाळ्यात समुद्राकडून खारा वारा येतो, त्याने पाने करपतात, तेव्हा कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्यायची, एवढेच. फुले दिसायला अगदी सामान्य, हिरवट पांढऱ्या बारीक नळ्या. दिवसा मिटलेली, वासही जवळजवळ नसतो. अंधार पडला की उघडतात, कारण त्यांना बोलवायचे असते रात्रीच्या पतंगांना. (सापांना नव्हे. या वासाला साप येतो म्हणून शेजारच्या काकू वर्षभर गॅलरीत येत नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावर साप कसा चढणार, हे त्यांना अब्बांनीच समजावले.) एक खबरदारी मात्र खरी आहे. फुलांनंतर येणारी पांढरी फळे विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर ती वेळच्या वेळी खुडून टाकावीत.

अम्मीला दम्याचा त्रास सुरू झाला तेव्हा आम्ही धुळीला दोष दिला. आजूबाजूला इमारती पाडणे-बांधणे चालूच असते, आणि हिवाळ्यात मुंबईचा धूर वर न जाता खालीच कोंडतो. पण तिचा खोकला रात्री वाढायचा, तोही बहराच्या दिवसांत. तिची खाट गॅलरीच्या दाराशी, आणि दार लावले तरी वास खोलीभर साचलेला. डॉक्टरांनी विचारले, घरात अगरबत्ती, अत्तर, उग्र वासाचे काही? आम्ही एकमेकांकडे पाहिले. तेच एक कारण आहे असे सांगता येणार नाही, पण पंधरा दिवस झाड लांब ठेवून बघा, असे ते म्हणाले.

अम्मी ऐकेना. "खोकला माझा आहे, माझं मी बघीन. झाड तुमच्या अब्बांचं आहे." आम्हीही ढकलत राहिलो, हे कबूल केले पाहिजे. झाड हलवणे म्हणजे अब्बांना घराबाहेर काढण्यासारखे आम्हालाच वाटत होते. शेवटी एका रात्री पंप घेऊनही तिचा श्वास लवकर खाली बसेना. सकाळी आम्ही दोघा भावांनी सेक्रेटरींकडून गच्चीची चावी आणली आणि कुंडी वर नेली. अम्मी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

दमा गेला नाही, पंपही सुटला नाही. पण रात्रीचे उठून बसणे कमी झाले.

रिकाम्या जागेकडे मात्र बघवत नव्हते. लेस्टरला असलेल्या बहिणीने फोनवर सांगितले की तिकडे लोक दाराशेजारी सार्कोकोका नावाचे सदाहरित झुडूप लावतात. ऐन जानेवारीत त्याला इवलीशी पांढरी फुले येतात आणि येता-जाता मधासारखा वास येतो. आपल्याकडे तसे काय, या शोधात आम्ही राणीच्या बागेतल्या पालिकेच्या फुलांच्या प्रदर्शनात गेलो आणि कुंद घेऊन आलो. कुंदही बारमाही हिरवा, आणि फुलतो थंडीतच. माघात फुलतो म्हणून संस्कृतात त्याला माघ्य असेही नाव आहे. त्याचा वास इतका हलका की फूल नाकाशी न्यावे लागते. फुले नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, म्हणून थंडी सरली की छाटायचा, नंतर नाही. पहिली फुले आली तेव्हा अम्मीने ओंजळीत घेऊन पाहिली. खोकला आला नाही. "बरा आहे," म्हणाली, "पण याला वास कुठाय?"

रातराणीकडे ती आता रोज जाते, पण दुपारी, फुले मिटलेली असताना. गुडघे दुखतात, तरी कठड्याला धरून चढते, पाणी घालते, पिवळी पाने काढते, अब्बांशी बोलावे तसे काहीतरी पुटपुटते आणि उतरते. तिने त्या झाडाचे फुललेले रूप तीन वर्षांत पाहिलेले नाही.

२०२६ चा रमजान फेब्रुवारीत आला. थंडी अजून पुरती सरली नव्हती. सेहरीच्या आधी आमच्यापैकी एकजण गच्चीवर जाऊन यायचा. खाली आल्यावर अम्मी त्याच्या बाहीजवळ नाक नेऊन एकदाच हुंगायची, म्हणायची, "फुलली वाटतं," आणि ताट पुढे सरकवायची.