जाकोमेत्तीची बोटभर शिल्पे आणि अंतराचा प्रश्न

लहान शिल्प म्हणजे मोठ्या शिल्पाची धाकटी प्रत, ही सर्वसाधारण समजूत स्विस शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्ती याने १९३८ ते १९४५ या काळात घडवलेल्या प्लास्टरच्या बोटभर मूर्तींना लागू पडत नाही. त्यांत माणसाचा देह लहान केलेला नसून, तो ज्या अंतरावरून दिसला ते अंतर देहासकट घडवण्याचा खटाटोप आहे.

१९३५ पर्यंत जाकोमेत्ती अतिवास्तववाद्यांमध्ये, म्हणजे स्वप्न आणि अबोध मन यांतून प्रतिमा शोधणाऱ्या कलावंतांमध्ये, वावरला. त्यानंतर तो समोर बसवलेल्या माणसाकडे, विशेषतः धाकटा भाऊ दिएगो याच्याकडे, पाहून डोकी घडवू लागला, आणि पुढे पाहिलेले केवळ आठवणीवरून घडवू जाताच मूर्ती आक्रसत गेल्या. न्यूयॉर्कचे कलाविक्रेते पिएर मातीस यांना १९४७ मध्ये लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, लहान झाल्याखेरीज मूर्तीत साम्य उतरत नसे, तो लहानपणा त्याला सोसवत नसे, आणि पुष्कळदा सुरी जराशी लागताच तिची धूळ होई. या मूर्तींमागची एक आठवण त्याने पुढे सांगितली आहे: मध्यरात्री पॅरिसच्या बुलेव्हार सँ-मिशेलवर दूर उभी असलेली त्याची मैत्रीण इझाबेल, आणि तिच्या माथ्यावर घरांचा अफाट काळोख.

दीड मीटर उंचीची व्यक्ती ५० मीटरांवर उभी असेल, तर डोळ्यापासून ६० सेंटिमीटरांवर धरलेल्या पट्टीवर तिची उंची जेमतेम १.८ सेंटिमीटर भरते. तरीही ती ठेंगणी वाटत नाही, कारण अंतर जमेस धरून मेंदू वस्तूचा आकार कायम राखतो, आणि या क्रियेला आकारस्थैर्य म्हणतात. जाकोमेत्तीने ही दुरुस्ती नाकारली. जवळून पाहताना नाक, पापणी, कातडी असे तुकडेच हाती लागतात आणि सबंध माणूस एका नजरेत मावतो तो दुरूनच, त्यामुळे आठवणीशी प्रामाणिक राहायचे तर उंची सोडून देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मात्र नुसती छोटी मूर्ती हातात घेतली की खेळणे ठरते. म्हणून येथे बैठकीला, म्हणजे एरवी दुय्यम मानल्या जाणाऱ्या मूर्तीखालच्या ठोकळ्याला, मूर्तीइतकेच महत्त्व येते: कित्येकदा ती मूर्तीहून अनेक पटींनी मोठी असते, आणि तिच्या विस्तारामुळेच डोळा कितीही जवळ नेला तरी वरची मूर्ती दूरच उभी राहते. (छापील पुस्तके नेमका येथेच घात करतात, बैठक कापून मोठे केलेले छायाचित्र पाहणाऱ्याला हातभर उंचीचे काहीतरी पाहिल्याचा भास होतो.) १९३९ मध्ये झ्युरिकच्या स्विस राष्ट्रीय प्रदर्शनातील एका चौकासाठी त्याने असेच अतिलघु शिल्प नेले, तेव्हा ते मान्य झाले नाही, आणि यात नवल नाही.

युद्धाची नंतरची वर्षे जिनिव्हातील हॉटेलच्या खोलीत याच उद्योगात गेली. १९४५ मध्ये पॅरिसला परतताना त्या वर्षांचे बहुतेक काम काड्यापेट्यांत मावले, असे सांगितले जाते. त्यानंतर उंची कमी होऊ द्यायची नाही, असे त्याने ठरवले, तेव्हा मूर्ती बारीक होत गेल्या. या कृश, उंच आकृतींत युद्धातील उपासमारीचे प्रतिबिंब पाहण्याची प्रथा आहे, परंतु ती पटण्याजोगी नाही, कारण झ्युरिकचे ते शिल्प युद्धाला तोंड फुटण्यापूर्वीचे आहे. आक्रसणे तेव्हाच सुरू झाले होते, आणि उंचीची वाट बंद होताच ते रुंदीत उतरले.