वाटूरच्या फाट्यावरून माघारी

जालन्याहून मंठ्याकडे निघाले की वाटूरचा फाटा लागतो. एक रस्ता इथून परतूरकडे फुटतो. फाट्यावर उतरून चहा घेतल्याखेरीज पुढे जाणारा माणूस आमच्या पाहण्यात नाही. गेल्या कार्तिकात आम्हीही उतरलो. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता आणि बांधाबांधावर तूर पिवळी झाली होती. बेत असा, की लोणारचे सरोवर बघून मेहकरमार्गे बुलढाण्यास मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी ज्ञानगंगा अभयारण्यात जायचे. तिथे अस्वले आहेत, हे मंडळींना मीच मोठ्या हौसेने सांगितले होते. ती हौस नडली.

चहा येताच आमचे साडू कानाशी लागले. "मास्तर, मी तयारीनिशी आलोय." दुकानाच्या रोकडीसाठी परवाना काढून घेतलेले बत्तीसचे रिव्हॉल्व्हर त्यांच्या पिशवीत होते! "आता सांगा, अस्वलाला गोळी कोणती? नुसत्या शिशाची की तांब्याच्या वेष्टणाची?"

व्याकरण शिकवणाऱ्याला हा प्रश्न! पण वाचलेले आठवले. अलास्कात हा वाद घरोघर चालतो. तिथे पसरट होऊन अडकणाऱ्या गोळीपेक्षा, हाडामांसातून खोल जाणारी कठीण शिशाची जड गोळी बरी मानतात. वजन वीसेक ग्रॅम. साडूंची गोळी सहा-सात ग्रॅमची! शिवाय तिथल्याच नोंदी तपासून स्मिथ, हेरेरो प्रभृतींनी २००८ साली दाखवले, की मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वले शंभरांतल्या ९२ वेळा आवरली.

शेजारच्या बाकावर एक म्हातारा बशीत चहा ओतत होता. त्याच्या एका गालाचे मांस ओढल्यासारखे झाले होते. तो म्हणाला, "सायेब, पिशवीत हात घालस्तवर ते डोक्यावर असतंय." तरुणपणी बुलढाण्याच्या घाटात शेळ्या चारताना बोरीच्या जाळीआडून ते अवचित उठले होते. "त्याचं तरी काय चुकलं? त्ये वारूळ उकरत व्हतं, मी न बोलता गेलो. बोलत जावं. काठी आपटत जावं."

तेवढ्यात धाकट्या मेहुणीने मोबाईलवर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा काढला. जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर गुन्हा नाही, हे वाचताच साडूंची मुद्रा खुलली. पुढचे कलम मात्र वेगळे निघाले. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊलही टाकता येत नाही.

"मग ठेवू इथेच कुणाकडे," साडू म्हणाले. तेही जमेना, परवाना त्यांच्या नावाचा, हत्यार दुसऱ्याच्या स्वाधीन कसे करणार? मोटारीत टाकून जाणे तर त्याहून वाईट. बायकामंडळींचे चेहरे उतरले. लोणार दोन घटकांवर आणि आम्ही उलटे जालन्यास! परतीच्या वाटेवर साडू एक अक्षर बोलले नाहीत. मला हसू येत होते. पण माझ्या त्या अस्वलपुराणाची आठवण होऊन ते मी गिळले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा वाटूर. आता साडूंच्या हाती वेताची काठी होती आणि तिला घुंगरू बांधले होते. चहा सांगताना त्यांनी एक कप जास्त सांगितला. म्हातारा मात्र त्या दिवशी आला नव्हता.