जाग आणि गुंगी

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. घाटावर संक्रांतीची जत्रा भरते; पुलावरून मालमोटारींचा ओघ मात्र बारमाही असतो. १९३९ च्या मार्चमध्ये त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन या परिसरातच भरले होते. पावसाळ्यात रस्त्याकडेला माजणाऱ्या पांढऱ्या फुलांच्या तणालाही लोक काँग्रेस गवत म्हणतात. दोहोंचे नाते अर्थातच नावापुरते. अमेरिका खंडातून आलेल्या या गाजरगवताची भारतातील नोंद १९५० च्या दशकात पुण्यास झाली. आज तणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था जबलपुरातच आहे. तरी हे गवत रस्त्याची कड सोडावयास तयार नाही. कोणाच्या त्वचेला त्याचा स्पर्श सोसत नाही, कोणाच्या नाकाला त्याचे पराग.

असे वावडे असलेला एखादा चालक रात्री मालमोटार घेऊन निघतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन गोळ्यांचा पेच असतो. शिंका थांबवणारी स्वस्त गोळी डोळ्यांवर झापड आणते. झापड उडवणारी गोळी झोपेची गरजच विसरायला लावते. ही दोन औषधे परस्परांची वैरी वाटतात खरी. पण दोहोंचा उगम नाकाच्या व श्वासाच्या दुखण्यातच आहे.

परागाला शत्रू समजून शरीर हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते. त्याने नाक वाहते, डोळे चुरचुरतात. हेच द्रव्य मेंदूत मात्र पहारेकऱ्याचे काम करते, माणसाला जागे ठेवते. हिस्टामिनला अडवणाऱ्या पहिल्या संयुगाचा शोध १९३७ मध्ये डॅनियल बोव्हे यांनी लावला. १९५७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वाटेने आलेली जुनी औषधे नाकापाशी थांबत नाहीत. ती मेंदूत शिरतात आणि तेथला पहाराही उठवतात.

उत्तेजकाची कुळकथा चीनमधील मा-हुआंग या वनस्पतीपासून सुरू होते. तिच्यातील एफेड्रीन १८८५ मध्ये जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी वेगळे केले. पुढे ते दम्यावर वापरात आले. त्याला पर्याय शोधताना गॉर्डन अ‍ॅलेस यांनी १९२९ मध्ये अँफेटामाइन स्वतःवरच आजमावले. १९३० च्या दशकात ते चोंदलेल्या नाकासाठी हुंगण्याचे औषध म्हणून विकले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी दिले गेले. नाक मोकळे करावयास आलेला पाहुणा असा घराचा मालक होऊन बसला. भारतात १९८५ च्या कायद्याने त्याच्यावर नियंत्रण आले.

कायद्याची नजर उत्तेजकावर असते. शिंकेच्या गोळीला मात्र सारे निरुपद्रवी समजतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेत आयोवा येथे केलेल्या प्रयोगात, गाजरगवताच्याच कुळातील रॅगवीडची ॲलर्जी असलेल्या ४० जणांना वाहनचालनाच्या सदृशयंत्रावर बसवले होते. डायफेनहायड्रामाइन या जुन्या औषधाने त्यांचे वाहनावरील नियंत्रण मद्यापेक्षाही अधिक बिघडवले. फेक्सोफेनाडीन या नव्या औषधाने ते बिघडले नाही. आपल्याला गुंगी आली आहे की नाही, हे चालकाच्या स्वतःच्या जाणिवेवरून ओळखता येत नव्हते, हा त्यातला अधिक भयावह निष्कर्ष.

म्हणून गुंगीवर उत्तेजकाचा उतारा घेतल्याने हिशेब फिटत नाही. एका औषधाने मंदावलेली समज दुसऱ्याच्या तरतरीने पूर्ववत होत नाही. भर पडते ती केवळ आत्मविश्वासाची. मेंदूत फारसे न शिरणारी नवी औषधे आता मिळतात, आणि वावड्यापुरता हा पेच त्यांनी पुष्कळसा सोडवला आहे. झोपेच्या बाबतीत तसे घडलेले नाही. तिचे कर्ज उत्तेजक फेडत नाही, फक्त वसुली पुढे ढकलते. माल पोहोचवण्याची वेळ ठरवणारा माणूस सहसा आपल्या घरी निजलेला असतो. वसुली होते ती रस्त्यावर, आणि ती एकट्या चालकाकडूनच होते असे नाही.