भिंतीवरचे वाक्य

आमच्या वसतिगृहाच्या प्रवेशद्वारापाशी बाबासाहेबांच्या नावाने एक वाक्य अनेक वर्षे रंगविलेले होते. ते आम्हीच लिहून दिले होते. गेल्या वर्षी संगणक कक्षात नववीच्या विद्यार्थ्यांना आंतरजालावर माहिती शोधण्याची रीत शिकवू लागलो, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, हे बाबासाहेब कुठे म्हणाले?"

इतिहासाची एम.ए. पदवी असूनही आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तोवर मुले गूगलवर आलेले पहिलेच पान उतरवून घेत. एकाने चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख २५ डिसेंबर १९२७ लिहिली होती. ती मनुस्मृतिदहनाची, तळ्याचे पाणी प्राशन केले ते त्याच वर्षीच्या २० मार्चला. 'चवदार' आणि 'चौदार' ही दोन्ही रूपे घालून शोधावे, एवढे आम्ही सांगितले होते.

त्या मुलीच्या प्रश्नामागे मात्र सारा वर्ग लागला. वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधले, म्हणजे त्याच क्रमाने शब्द असलेली पाने मिळावीत. पानांचा ढीग आला. बहुतेक एकमेकांची नक्कल. काहींत शुद्धलेखनाची चूकही तीच! भाषण कोणते, साल कोणते, याचा उल्लेख कुठेच नाही. मग मुलांना मूळ साधनांकडे नेले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' दाखविले. तेथे विभागांना क्रमांक असल्याने नेमके स्थळ सांगता येते. छायाचित्रासारखी उतरविलेली पाने असली, तर शब्द घालून शोधणे पुष्कळदा निष्फळ ठरते. अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनीच वाचावे लागते. (त्या आठवड्यात ग्रंथालयातील खंडांवरची धूळही झटकली गेली.)

वाक्य सापडले नाही. सापडले नाही म्हणजे ते म्हणालेच नाहीत असे नव्हे, हे मुलांना समजावले. पालकांना समजावणे अधिक कठीण गेले. एक पालक दुखावून म्हणाले, "सर, बाबासाहेबांच्या शब्दावर शंका घेता?"

"शंका बाबासाहेबांवर नाही, दादा. आमच्यावर आहे."

उन्हाळी सुटीत भिंत रंगवायला काढली. वाक्य तसेच ठेवले. खालचे नाव आम्ही स्वतःच्या हाताने पुसले. ताज्या रंगाचा तो पट्टा अजून वेगळा दिसतो. माजी विद्यार्थी आले की विचारतात, "सर, नाव कुठे गेले?" त्यांना आम्ही आता दहावीत गेलेल्या त्या मुलीकडे पाठवितो.